पाणाड्या

मंगळवारी आणि शुक्रवारी मी टँकर घेऊन टेकडी चढतो.
पेनसिल्व्हेनियाचा उत्तरेकडचा कोपरा, टॅनरी ओढ्याच्या वरचं अंग,
सात घरं. सातही अंगणांत पांढरी प्लास्टिकची टाकी,
गोठू नये म्हणून तिच्याभोवती
आजारी गाईला घोंगडं गुंडाळावं तसं काहीबाही.

शेवटचं घर ड्वेन स्टर्डव्हंटचं.
या टेकडीवरच्या एकेचाळीस विहिरी त्यानं दाखवल्या.
हातात पीचची दुबेळकी फांदी, टोपी उलटी,
फांदी वाकली की तिथंच टाचेनं माती उकरून म्हणायचा,
"नव्वद फूट. गोड."
पैसे कधी घेतले नाहीत.
जॅमची बरणी, फार तर एखादी कोंबडी.

मग गॅसवाल्यांचा माणूस आला. बुटांना चिखल नव्हता.
लोरेननं त्याला टेबलाशी बसवलं, कॉफी दिली.
"आम्ही मैलभर खाली," तो म्हणाला,
"कुठं तुमचं पाणी, कुठं आमचं काम."
एकराला पंचवीस डॉलर.
गोठ्याचं छप्पर गळत होतं. ड्वेननं सही केली.
दोन वर्षांनी कुंपणापलीकडच्या ऑड्रे किंटनरला
एकराला पाच हजार मिळाले.
तेव्हापासून चर्चमध्ये दोघं एका बाकावर बसत नाहीत.

मी तेव्हा त्यांच्याच ट्रकवर होतो. खोटं कशाला बोलू.
ओढ्यातून उपसायचं, वर नेऊन ओतायचं,
दिवसाला अकरा खेपा, तासाला चोवीस डॉलर;
या खोऱ्यात एवढे कुणी कधी दिले नव्हते.
रात्री ज्वाला पेटली की सगळी टेकडी नारिंगी,
किंटनरांचा कोंबडा दीड वाजता आरवायचा
आणि आम्ही हसायचो.

फेब्रुवारीत लोरेन भांडी घासत होती. नळ खोकला.
पाणी दुधासारखं आलं, मग करडं, मग स्वच्छ,
पण पेल्यात ठेवलं की चुरचुरत राहायचं,
कुणीतरी आत कुजबुजतंय असं.
विहिरीच्या तोंडावर त्यांनी उंच पाईप बसवला,
वायू वरच्या वर जावा, घर उडू नये.
लोरेन त्या बाजूला कपडे वाळत घालत नाही.
बँकेचा माणूस आला, पाईपकडे मान वर करून पाहिलं,
गाडीतून उतरला होता तसाच परत बसला.
मुलीचं तिथं घर बांधायचं राहिलं ते राहिलंच.

पैसे मिळाले. टाकी मिळाली. कागदावर सहावं कलम:
याविषयी कुणाशीही बोलायचं नाही.
"बायकोशी?" ड्वेननं विचारलं.
वकील हसला, आणि पेन पुढे केलं.

म्हणून आम्ही हरणांविषयी बोलतो.
ब्रेकविषयी. त्याच्या गुडघ्याविषयी.

गेल्या शुक्रवारी टाकी भरत होतो,
ऑड्रे किंटनर कुंपणाशी आली. हातात फांदी, ताजी तोडलेली.
"टाकीचा कंटाळा आला. नवी विहीर घेते. दाखव."
एवढ्या वर्षांत तिचं त्याच्याशी पहिलं वाक्य.

ड्वेन तारेखालून वाकून पलीकडे गेला.
टोपी उलटी केली. चालला.
धान्यकोठाराच्या मागे फांदी वाकली,
अशी वाकली की त्याची मनगटं पांढरी पडली.
त्यानं टाच उचलली.
टेकवली नाही.

"आहे," म्हणाला. "भरपूर आहे."
"गोड?"

माझ्या मीटरवर आकडे फिरत होते,
नऊशे दहा, नऊशे वीस.
तो ओठ मिटून उभा.
सहावं कलम होतं, की आणखी काही, मला कळलं नाही.
मग फांदी तिच्या हातात देऊन तो घराकडे वळला,
टोपी सरळ करायची विसरून.

मी नळी गुंडाळली. पावतीवर लोरेननं सही केली.
टँकर वळवताना आरशात दिसलं:
ऑड्रे अजून तिथंच होती,
तो थांबला होता तेवढं गवत
बुटानं पुन्हा पुन्हा दाबत.